रानमोहरीची ओळख

दिवाळी सरते. थंडी पडू लागते. मग आपल्या नाशिक जिल्ह्यात पिवळ्या फुलांना भर येतो. हरभऱ्याच्या कडेने पेरलेली मोहरी फुलते. त्याशिवाय पाटाच्या ओलाव्याला, नदीच्या काठी, गोठ्याच्या मागे आणि पडीक वावरात कितीतरी पिवळी फुले दिसू लागतात. ती कोणी पेरलेली नसतात. जाता-येता आपण त्यांच्याकडे बघतो आणि म्हणतो, "ही मोहरीच दिसते!"

पण खरेच ती मोहरी असते काय?

या फुलांत एक फूल मोहरीच्या घरचे आहे. ते आपल्याच मातीतले, साधे आणि निरुपद्रवी आहे. दुसरे एक फूल मोहरीच्या नात्यातलेही नाही. त्याचे बी मात्र मोहरीसारखे दिसते, आणि त्याचे तेल पोटात गेले तर माणूस दगावतो. दोन्ही फुले पिवळी! दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण आपण नेहमी ऐकतो. या पाठात आपण फसायचे नाही असे ठरवू. रंगावर न जाता फूल कसे ओळखावे ते शिकू.

कुळ म्हणजे काय?

माणसांची जशी घराणी असतात तशी झाडांचीही असतात. त्यांना कुळे म्हणतात. एका घराण्यातील माणसांचे नाक-डोळे सारखे असतात. नवा माणूस गावात आला तरी जाणती म्हातारी लगेच विचारते, "तू अमक्याच्या घरचा का रे?" झाडांचेही तसेच आहे. खाण तशी माती. मात्र झाडाचे घराणे पानावरून किंवा उंचीवरून कळत नाही. ते कळते फुलावरून आणि फळावरून.

मोहरीचे कुळ फार मोठे आहे. साऱ्या जगात मिळून या कुळात साडेतीन हजारांहून अधिक जातींच्या वनस्पती आहेत. बहुतेक थंड मुलखात वाढतात. आपल्या घरातही या कुळाची माणसे रोज येतात. मोहरी, मुळा, कोबी, फुलकोबी, नवलकोल, सलगम आणि बाळंतिणीला देतात ते हळीव, ही सगळी एकाच भावकीतली. कोबीचा गड्डा आणि हळिवाचा दाणा यांत काय साम्य, असे कोणी विचारील. गड्ड्यात आणि दाण्यात साम्य नाही. पण दोघांचे फूल बघा, म्हणजे भावकी पटेल.

मुळ्याच्या फुलावर धडा

रानात जाण्याआधी घरच्या मळ्यात शिकावे, हे बरे. मुळा सगळीकडे असतो. मुळे उपटताना एखादा जमिनीत तसाच राहू द्यावा. तो उंच वाढतो, फुलतो, आणि त्याला शेंगा लागतात. या शेंगांना आपण डिंगऱ्या म्हणतो व त्यांची भाजी करतो.

मुळ्याचे एक फूल तोडून तळहातावर घ्या. आता नुसते बघू नका. मोजा.

पहिली खूण : पाकळ्या चार. त्या समोरासमोर असतात. वरून पाहिले तर अधिक चिन्हासारख्या, म्हणजे फुलीसारख्या दिसतात. पाकळ्यांच्या खाली चार हिरवट पाती असतात. कळीला झाकण्याचे काम त्यांचे.

दुसरी खूण : पाकळ्यांच्या आत बारीक दांड्या असतात. त्यांच्या टोकाला पिवळी भुकटी असते. त्या दांड्यांना पुंकेसर म्हणतात. ते मोजा. सहा भरतील. त्यांतले चार लांब आणि दोन आखूड. ही खूण फार महत्त्वाची आहे. लिनियस नावाच्या स्वीडन देशातील पंडिताने अठराव्या शतकात साऱ्या वनस्पतींची मांडणी केली. त्याने चार लांब व दोन आखूड केसरांवरूनच या वनस्पतींचा एक वेगळा वर्ग केला होता.

तिसरी खूण : फुलांचा तुरा. शेंड्याला कळ्या, त्यांच्या खाली उमललेली फुले, आणि त्यांच्या खाली शेंगा. तुरा वर वाढत जातो आणि खालून शेंगा धरत जातो. तुऱ्यातील फुलाच्या देठाशी बहुधा पान नसते.

चौथी खूण : शेंग. यासाठी मोहरीची वाळलेली शेंग घ्यावी. ती बोटांनी हलकेच दाबली की दोन फाका खालून सुटतात आणि वर उचलल्या जातात. मधे कागदासारखा पातळ पडदा उरतो. दाणे त्या पडद्याच्या कडेला लागलेले असतात. हरभऱ्याच्या घाट्यात किंवा तुरीच्या शेंगेत असा पडदा नसतो. मुळ्याची डिंगरी मात्र अशी उकलत नाही. ती फोपशी राहते. घराण्यात एखाद्याची रीत वेगळी असायचीच.

चार पाकळ्या, सहा केसर, पान नसलेला तुरा, पडद्याची शेंग. या चार खुणा पाठ करा. फुलीच्या आकारावरूनच या कुळाला पूर्वी 'क्रुसिफेरी', म्हणजे क्रूस धारण करणारे, असे नाव होते. आजच्या पुस्तकांत 'ब्रासिकेसी' हे नाव अधिक आढळते.

मोहरी का झणझणते?

या कुळाची आणखी एक खूण नाकाला कळते. ती आपल्या आयाबहिणींना चांगली ठाऊक आहे. लोणच्यासाठी मोहरी फेसतात. मोहरीची पूड थंड पाण्यात घालून घोटली की नाकात झणका जातो, डोळ्यांत पाणी येते. पण अख्खी मोहरी डब्यात असते तेव्हा तिला वास नसतो. असे का?

मोहरीच्या दाण्यात दोन पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात. दाणा ठेचला, पाणी लागले, की कप्पे फुटतात. दोन्ही पदार्थ एकत्र येतात आणि त्यांतून तिखट द्रव्य तयार होते. त्यांतला एक पदार्थ जास्त उष्णतेने निकामी होतो. म्हणून कडकडीत तेलात तडतडलेली मोहरी झणझणत नाही. आपल्या फोडणीत आणि फेसलेल्या मोहरीत हाच फरक आहे. मुळा किसला म्हणजे नाकाला लागतो, कोबी शिजताना विशिष्ट वास येतो, तेही याच कारणाने. कीडमुंगीने खाऊ नये म्हणून झाडाने केलेली ही तजवीज आहे.

पण एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. अनोळखी झाड चाखून ओळखू नये. जीभ ही परीक्षेची जागा नव्हे. डोळ्यांनी ओळखावे, बोटांनी मोजावे.

रानमोहरी कशी असते?

आता रानात जाऊ. आपल्या दख्खनच्या कोरड्या मुलखात मोहरीच्या कुळातील रानटी झाडे थोडी आहेत. म्हणून जे मुळापासून इथलेच आहे त्याची ओळख असावी. शास्त्रज्ञ त्याला 'रोरिप्पा इंडिका' म्हणतात. इंडिका म्हणजे हिंदुस्थानातले. हे झाड हिंदुस्थानात आणि पूर्वेकडील देशांतही आपोआप वाढते. या पाठापुरते आपण त्याला रानमोहरी म्हणू.

कुठे शोधावी? जिथे ओल आहे तिथे. नदीचा ओला काठ, पाटाची कड, नळाचे सांडपाणी वाहते ती जागा, बागेतील वाफ्याचा कोपरा. कोरड्या खडकाळ माळावर शोधत बसू नये. थंडीत, आणि पुढेही जमिनीत ओल असेपर्यंत, हिला फुले येतात.

झाड कसे? लहान. काही वीतभरच असतात. चांगली ओल मिळाली तर गुडघ्याच्या वर जातात. अंग बहुधा गुळगुळीत. काटे नाहीत. खोड मोडले तर रंगीत चीक येत नाही.

पाने कशी? खालची पाने मुळ्याच्या पानासारखी कातरलेली. टोकाचा भाग मोठा, खालचे भाग लहान. वर जावे तशी पाने लहान आणि साधी होत जातात. त्यांच्या कडेला दाते असतात.

फूल कसे? अगदी लहान, ज्वारीच्या दाण्याएवढे, पिवळे. आपल्यासारख्या साठीच्या माणसांनी चष्मा लावून बघावे. भिंग मिळाले तर फारच चांगले. पाकळ्या चार. केसर सहा. तुऱ्याला शेंड्यावर कळ्या आणि खाली शेंगा. मुळ्याच्या फुलावर जे शिकलो तेच येथे छोट्या आकारात दिसते.

शेंग कशी? आगपेटीच्या काडीहून बारीक, एक ते अडीच सेंटिमीटर लांब, वरच्या बाजूला किंचित वळलेली. आत दाणे पुष्कळ आणि फार बारीक. पडद्याच्या प्रत्येक बाजूला दाण्यांच्या दोन-दोन रांगा असतात.

आता कोणी म्हणेल, "मास्तर, कधी कधी पेरलेली मोहरीही सांडून रस्त्याच्या कडेला उगवते. मग ती आणि ही वेगळी कशी ओळखायची?" प्रश्न रास्त आहे. त्या दोघी एकाच घरच्या. तेव्हा चार खुणा दोघींत मिळणारच. फरक आकारात आहे. पेरायच्या मोहरीचे फूल मोठे असते, लांबून दिसते. तिची शेंग लांब आणि जाड असते. शेंगेच्या टोकाला पाखराच्या चोचीसारखा निमुळता भाग असतो. रानमोहरीच्या शेंगेला अशी ठळक चोच नसते. मोहरीचा दाणा गोल आणि चिमटीत धरता येण्याजोगा. रानमोहरीचा दाणा इतका बारीक की वाऱ्याने उडेल.

आपल्या भागातील झाडांची नोंद जुनी आहे. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. पुढे १९९१ साली लक्ष्मीनरसिंहन् आणि शर्मा या दोन शास्त्रज्ञांनी नुसत्या नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने तो प्रसिद्ध केला. या संस्थेचे पश्चिम भागाचे केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे. आपण ज्याला गवत म्हणून तुडवतो त्या प्रत्येक रोपाला नाव असते, ते कोणीतरी वाकून, मोजून लिहून ठेवलेले असते, हे यावरून कळावे.

नुसते फसवणारे पिवळे फूल

रानात पिवळ्या फुलांची कमतरता नाही. काही फुले फसवतात पण अपाय करीत नाहीत. त्यांची दोन उदाहरणे घेऊ.

पावसाळ्याच्या शेवटी त्र्यंबक आणि इगतपुरीकडच्या डोंगरांवर सोनकी फुलते. सारा उतार पिवळा होतो. सोनकीचे फूल जवळून बघा. चारच्या जागी पुष्कळ पाकळ्या दिसतात, आणि मधे दाट गोंडा असतो. ही सूर्यफुलाच्या कुळातली. पहिल्याच खुणेला ती बाद झाली.

पिवळी तिळवण मात्र जरा चतुर आहे. ती पावसाळ्यात वावरात आणि पडीक जागी उगवते. तिच्या पाकळ्या चार, रंग पिवळा, शेंग लांब. पुष्कळजण तिला मोहरी म्हणून मोकळे होतात. पण तिचे केसर मोजा. सहापेक्षा पुष्कळ अधिक भरतात. पान बघा. एका देठावर तीन किंवा पाच पाने पंजासारखी असतात. अंग चिकट असते आणि त्याला उग्र वास येतो. शेंग उकलली तर मधे पडदा नाही. तिळवण ही मोहरीच्या कुळाची जवळची सोयरी, पण त्या घरातली नव्हे. म्हणूनच एका खुणेवर विश्वासू नये. चारही खुणा जुळल्या तरच होकार द्यावा.

घात करणारे पिवळे फूल

आता जे सांगावयाचे ते या पाठातील मुख्य आहे. हा भाग वाचून झाल्यावर ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही सांगावा.

पिवळा धोत्रा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. कोणी त्याला काटेधोत्रा म्हणतात, कोणी बिलायत म्हणतात. हे झाड मूळचे मेक्सिको देशाकडचे. आता ते आपल्या रस्त्यांच्या कडेला, उकिरड्यावर, पडीक रानात आणि पिकातही माजते. त्याच्या खुणा अशा :

पाने निळसर हिरवी, शिरांजवळ पांढुरकी, कडेला टोकदार काटे. खोड मोडले की पिवळा चीक येतो. फूल मोठे, झळझळीत पिवळे. पाकळ्या बहुधा सहा. केसर पुष्कळ. त्याला शेंग येत नाही. काटेरी बोंड येते. ते पिकले की टोकाकडून उकलते आणि आतून काळपट गोल दाणे सांडतात.

फूल पाहिल्यावर कोणी फसणार नाही. फसगत होते ती दाण्यात. पिवळ्या धोत्र्याचा दाणा आकाराने आणि रंगाने काळ्या मोहरीसारखा दिसतो. मोहरीच्या पिकात हे तण राहिले तर कापणीत आणि मळणीत त्याचे दाणे मोहरीत मिसळतात. कधी लोभी व्यापारी मुद्दाम मिसळतात. मग ती मोहरी घाण्यात जाते आणि तेलाबरोबर विष बाहेर पडते.

या विषाने होणाऱ्या रोगाला डॉक्टर एपिडेमिक ड्रॉप्सी म्हणतात. आपण त्याला साथीची सूज म्हणू. कलकत्त्यास १८७७ साली या रोगाची पहिली नोंद झाली. ही साथ जंतूंमुळे पसरत नाही. एकाच तेलावर जेवणारी माणसे एकदम आजारी पडतात, म्हणून ती साथीसारखी दिसते.

आणि हा रोग केवळ जुन्या काळचा नव्हे. १९९८ साली पावसाळ्यात दिल्लीत मोहरीच्या तेलातील या भेसळीने हाहाकार उडाला. हजारो माणसे आजारी पडली. साठाहून अधिक दगावली. त्यांनी काही चुकीचे केले नव्हते. त्यांनी नेहमीच्या दुकानातून नेहमीचे तेल आणले होते. त्याच वर्षी खाद्यतेल बंद डब्यातून विकावे असा हुकूम केंद्र सरकारने काढला.

आपल्याकडे मोहरीचे तेल रोजच्या स्वयंपाकात थोडे. आपण शेंगदाण्याचे तेल अधिक वापरतो. पण लोणच्यासाठी आणि अंग चोळण्यासाठी ते घरात येते. दूषित तेल नुसते अंगाला चोळल्यानेही सूज आल्याची उदाहरणे डॉक्टरांनी नोंदली आहेत. शिवाय फोडणीची मोहरी कोणाच्या घरात नाही?

लक्षणे ध्यानात ठेवा. दोन्ही पायांवर सूज येते. बोटाने दाबले तर खळगा पडतो. कातडी लाल होते, आग होते. जुलाब आणि ओकाऱ्या होतात. पुढे हृदय कमजोर होऊन धाप लागते. डोळ्यांतील दाब वाढून नजरही जाऊ शकते. एकाच घरातील दोघा-तिघांचे पाय एकदम सुजले तर घरगुती औषधात वेळ घालवू नये. ते तेल ताबडतोब बंद करावे, माणसांना दवाखान्यात न्यावे, आणि तेलाची बाटली डॉक्टरांना दाखवावी. तेल तापवले म्हणजे विष गेले, असे मुळीच समजू नये. उरलेले तेल शेजाऱ्याला देऊ नये.

दाण्यांची परीक्षा

सुटी मोहरी आणली तर निवडताना ही परीक्षा करावी. पैसा लागत नाही.

मूठभर मोहरी पांढऱ्या ताटलीत पसरावी. उजेडात बघावी. मोहरीचा दाणा हाताला गुळगुळीत लागतो. धोत्र्याचा दाणा खरबरीत असतो, त्याच्यावर जाळीसारखे खळगे असतात, आणि तो अधिक काळा दिसतो. संशय आला तो दाणा वेगळा काढून चमच्याच्या पाठीने दाबून फोडावा. मोहरी आतून पिवळी निघते. धोत्रा आतून पांढरा निघतो.

दाणा फोडून बघायचा, चाखायचा नाही. परीक्षा झाली की हात आणि चमचा धुवावा. पांढरे दाणे निघाले तर ती मोहरी कोणालाच, कोंबड्यांनाही, घालू नये. तेलातील भेसळ घरी कळत नाही. ती प्रयोगशाळेत आम्ल घालून तपासतात. ते काम आपण करावयाचे नाही. संशय असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत कळवावे. आणि तेल घेताना सुटे न घेता नाव, तारीख आणि शिक्का असलेले बंद तेल घ्यावे.

शेतकऱ्याला कुळाचा उपयोग

कोबी आणि फुलकोबी लावणाऱ्या शेतकऱ्याने तर मोहरीचे कुळ ओळखलेच पाहिजे. कारण एका घराण्याचे रोग आणि किडीही सारख्या असतात.

कोबीवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग येतो. त्याच्या अळ्या पानाला चाळणी करतात. तोच पतंग मोहरीवर आणि मुळ्यावरही जगतो. घाण्या रोगाचेही तसेच. म्हणून ज्या वावरात कोबी झाली तिथे लगेच पुन्हा कोबी, मुळा किंवा मोहरी घेऊ नये. हरभरा, गहू, कांदा असे दुसऱ्या कुळातील पीक घ्यावे. कोबीच्या वाफ्यात रानमोहरी उगवली तर तीही काढावी, कारण ती त्याच घरची. रोग तिच्या आश्रयाने राहू शकतो.

याच गोष्टीचा उलटा उपयोगही होतो. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने एक युक्ती सांगितली आहे. कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावाव्या. एक ओळ कोबी लावण्याच्या सुमारे १५ दिवस आधी पेरावी, दुसरी कोबी लावल्यावर सुमारे २५ दिवसांनी. पतंगाला मोहरी अधिक आवडते. तो तिच्यावर अंडी घालतो. मग औषध साऱ्या वावरावर न मारता मोहरीच्या ओळींवर मारले तरी बरेच काम भागते. म्हणजे भावकीतल्या एकाने दुसऱ्याची राखण केली!

पिवळा धोत्रा मात्र वावरात, बांधावर, खळ्याजवळ कुठेच ठेवू नये. हातात जाड फडके किंवा हातमोजे घालून तो बोंड धरण्यापूर्वी मुळासकट उपटावा. बोंडे पिकल्यावर उपटला तर दाणे तिथेच सांडतात आणि पुढल्या वर्षी दहापट उगवतो. मोहरीच्या पिकात तर कापणीपूर्वी एक फेरी केवळ यासाठी मारावी.

आणि नदीकाठची, पाटाकडेची रानमोहरी? तिला तिथे नांदू द्यावी. ती कोणाचे काही घेत नाही. तिच्या लहान फुलांवर लहान किडे आणि माश्या मधासाठी येतात. ती पाहुणी नाही, ती इथलीच आहे. काठावर सिमेंट घातले, ओलावा गेला, की अशी झाडे मुकाट्याने नाहीशी होतात. नाव ठाऊक नसेल तर गेलेलेही आपल्याला कळत नाही.

ओळखण्याची रीत थोडक्यात

१. आधी जागा बघा. ओल आहे का?
२. काटे आणि चीक बघा. असतील तर ते मोहरीचे घर नव्हे.
३. पाकळ्या मोजा. चार हव्यात.
४. केसर मोजा. सहा हवेत, चार लांब, दोन आखूड.
५. तुरा बघा. फुलाच्या देठाशी पान आहे का?
६. शेंग उकला. मधे पडदा हवा.
७. सगळ्या खुणा जुळल्या तरच नाव घ्या. एकही चुकली तर "ठाऊक नाही" म्हणा. त्यात कमीपणा नाही.

शब्दांचे अर्थ

निरुपद्रवी – त्रास न देणारा.
पुंकेसर – फुलातील भुकटी धरणारी दांडी.
चीक – खोड मोडल्यावर येणारा दाट रस.
बोंड – दाण्यांनी भरलेले फळ, जसे कपाशीचे.
भेसळ – चांगल्या मालात वाईट माल मिसळणे.
दगावणे – मरणे.

प्रश्न

१. मोहरीच्या कुळातील कोणत्या भाज्या तुमच्या घरी होतात? पाच नावे लिहा.
२. फोडणीतील मोहरी का झणझणत नाही?
३. रानमोहरीची शेंग आणि पेरलेल्या मोहरीची शेंग यांत फरक काय?
४. पिवळी तिळवण मोहरीच्या कुळातली नाही हे कशावरून कळते?
५. पिवळ्या धोत्र्याच्या चार खुणा सांगा.
६. दिल्लीत १९९८ साली काय झाले? का झाले?

करून पाहा

येत्या बाजारच्या दिवशी मुळ्याचे किंवा मोहरीचे एक फूल आणा. त्याचे भाग सुटे करून कागदावर चिकटवा. प्रत्येक भागाचे नाव स्वतःच्या अक्षरात लिहा. नंतर पाटाच्या कडेला रानमोहरी शोधा. सापडली तर तिचा एक लहान तुरा, शेंगांसह, जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर वजन ठेवा. कागद रोज बदला. आठ-दहा दिवसांत तो वाळतो. त्याखाली गावाचे नाव, जागा आणि तारीख लिहा. पक्के नाव हवे असेल तर जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या गुरुजींना तो दाखवा.

आणि आज रात्री घरातील मोहरीचा डबा उघडून ताटलीत मूठभर दाणे नक्की पसरा. घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना जवळ बसवा आणि दाण्यांची परीक्षा त्यांच्याकडून करून घ्या.